डावा कव्हर

माझा नातू मोबाइलवर कबड्डी बघतो. बघतो म्हणजे चढाईवाला आत शिरला, दोघातिघांना शिवून उडी मारून परत आला, एवढंच बघतो आणि पुढचं बोटानं सरकवून देतो. मी म्हणतो, "आरं थांब की जरा, आता पकड व्हायची हाय, ती बघ." तो मान वर न करता म्हणतो, "आबा, त्यात काय बघायचं? ते तर नुसते हात धरून उभे असतात." पोरगं गुणाचं आहे, माझ्या औषधाच्या वेळा माझ्यापेक्षा त्याला पाठ आहेत, पण हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. नुसते उभे असतात! माझी सगळी जवानी हे ऐकण्यात गेली. पारावर ऐकलं, दुकानाच्या फळीवर ऐकलं, घरात जेवताना ऐकलं. आता या वयात सख्ख्या नातवाच्या तोंडून ऐकतोय. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. कुणी वाचेल अशी आशा नाही, कारण वाचणारेही पुढं सरकवण्याच्या तयारीनंच बसतात.

आम्ही नांदूरघाटचे. आप्पांचं म्हणजे माझ्या वडिलांचं बाजारपेठेत किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या पाठीमागे घर. त्यामुळे घरात सकाळपासून दुकानाचेच आवाज. पोत्याची सुतळी ओढल्याचा खर्रर आवाज, तराजूचं पारडं फळीवर आपटल्याचा आवाज, आणि मधूनमधून "मन्मथऽ, गूळ फोड!" ही आप्पांची आरोळी. मन्मथ म्हणजे मी. माय आत येसर, म्हणजे आमटीचा मसाला, भाजायला बसली की त्या भाजणीच्या ठसक्यानं दुकानातली गिऱ्हाइकं शिंकायला लागायची, आप्पा आत बघून ओरडायचे, आणि माय तितक्याच शांतपणे म्हणायची, "शिंकू द्या, त्येच लोक सांजच्याला येसर इकत न्हेतात." ते खरंच होतं. मायच्या येसराची आमटी आणि ज्वारीची गरम भाकरी असली की आमच्या घरात कुणी बोलायचं नाही, फक्त भुरके ऐकू यायचे. माझा सगळा राग त्या वेळेपुरता निवायचा. जेवण संपता संपता मात्र तो पुन्हा वर यायचा, कारण जेवण संपता संपता सायीची वाटी यायची.

ही वाटी माझ्या थोरल्या भावाची, काशिनाथदादाची. म्हशीच्या दुधाची बोटभर जाड साय, वर साखर. घरात दुसऱ्या कुणाला ती मिळायची नाही, कारण दादा नांदूरघाटच्या संघाचा चढाईवाला होता. तो समोरच्या अंगणात घुसला की माणसं मोजून बाद करायचा आणि परत येताना मध्यरेषेवरून अशी काही उडी मारायचा की बायकासुद्धा डोक्यावरचा पदर विसरून उभ्या राहायच्या. दिसायला उंच, गोरा, केस मागे वळवलेले. माळवं घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या त्याच्या हातात फुकट काकडी द्यायच्या. मी त्याच संघात होतो, त्याच मातीत लोळून येत होतो, त्याच विहिरीवर अंग धूत होतो. मला साय कावून नाही, असं मी एकदा विचारलं, तेव्हा आप्पा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "तुला काय करायची साय? तू तर नुसता उभा असतूस." आणि मायनं भांड्याची खरवड माझ्या ताटात वाढली.

मी नेमकं काय करायचो हे सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही आप्पांच्याच बाजूनं बोलाल. आमच्या डाव्या कोपऱ्यात उस्मान असायचा, गादीवाल्यांचा पोरगा, ठेंगणा, चपळ, माझा जिवलग. त्याच्या हातात हात देऊन शेजारी उभा असायचो तो मी. पुस्तकात त्या जागेला काय म्हणतात ते म्हणोत, आमच्या गावात त्याला डावा कव्हर म्हणायचे. समोरचा चढाईवाला कोपऱ्याकडे वळला की उस्मान माझं बोट दाबायचा. तेवढाच इशारा. बोट दाबलं की पुढच्या क्षणी तो घोट्यावर झेप घेणार आणि त्याच क्षणी मी छातीनं आडवा जाऊन त्या गड्याचा परतीचा रस्ता बंद करणार. मला यायला जरा उशीर झाला तर तो गडी उस्मानला फरपटत रेषेपर्यंत नेणार आणि आमचेच लोक बाद होणार. वेळेवर गेलो तर पकड पक्की. लोकांना दिसायचा तो उस्माननं धरलेला पाय, आणि खरं सांगायचं तर तोही फारसा दिसायचा नाही. लगेच धुरळा आणि माणसांचा ढीग.

आता यातली खरी गोम ऐका. कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर जाऊन बसतो. तो आपल्या पराक्रमानं परत येत नाही. त्याच्या संघानं समोरचा एखादा बाद केला, तरच त्याचा एक गडी जिवंत होतो. जो आधी बाद झाला तो आधी आत येतो. म्हणजे आमचा दादा, सायीवर वाढलेला, एकदा का पकडला गेला की त्याची सगळी उंची आणि सगळे केस घेऊन बाहेर मातीत बसायचा, आणि उस्मान आणि मी कुणालातरी पकडेपर्यंत तिथंच बसून राहायचा. त्याला जिवंत कोण करायचं? हा प्रश्न त्या गावात एकाही माणसाला कधी पडला नाही. दादा आत आला की लोक शिट्ट्या मारायचे, जणू तो स्वतःच उठून आला.

एका वर्षी यात्रेतल्या सामन्यांत आम्ही अंतिम फेरीत गेलो. समोर गेवराईचा संघ. दांडगी पोरं. गावाच्या अब्रूचा प्रश्न झाला आणि अब्रूचा प्रश्न झाला की आमच्याकडं पाटील मधे पडतात. पाटलांनी हिशेब मांडला की एका चढाईवाल्यावर आपण इथवर आलो, तर दोन असले तर गेवराई उभीच राहणार नाही. म्हणून त्यांनी त्यांच्या सासरवाडीकडून, कड्याहून, रावसाहेब नावाचा एक नामांकित गडी पाहुणा म्हणून आणवला. पांढरीशुभ्र पँट, मनगटावर घड्याळ, चालणं असं की जमीन त्याच्या नावावर आहे. गडी आला म्हणजे जागा हवी. पाटील दुकानावर आले, आप्पांसमोर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "आप्पा, तुमच्या धाकट्याला उद्या बसवावं म्हंतो. रावसाहेब त्याच्या जागी उभा ऱ्हाईल. नुसतं उभंच तर ऱ्हायचं हाय." आप्पांनी मान हलवली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी तिथंच मागे गूळ फोडत होतो. गूळ जरा जास्तच बारीक झाला.

मी दादाकडं गेलो. म्हटलं, "दादा, तू सांग की पाटलाला." दादा आरशासमोर केस विंचरत होता. "मन्म्या, गावाचा प्रश्न हाय," तो म्हणाला. "आन् रावसाहेब लई भारी खेळतो म्हंतेत." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. चढाईवाल्याचं असंच असतं, समोरच्या अंगणाकडं तोंड असतं, पाठीमागं कोण उभं आहे हे त्याला कधी दिसतच नाही. पण त्या दिवशी मला हा समजूतदारपणा सुचला नाही. मी त्याची फणी उचलून माळ्यावर फेकली आणि उस्मानच्या घरी जाऊन कापसात बसून राहिलो. लहानपणापासून मला एकच गोष्ट हवी होती, अंतिम सामन्यात त्या डाव्या बाजूला माझ्या जागेवर उभं राहणं. लोकांना दिसलो नसतो तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी सामन्याच्या आधी जे झालं ते आमच्याच लोकांना सुचू शकतं. खेळ सुरू होण्याआधीच पाटलांनी पाहुण्याचा सत्कार ठेवला. फक्कीच्या रेषा ताज्या, मातीवर पाणी मारलेलं, दोन्ही संघ मांड्या थोपटत उभे, आणि मधे मैदानात रावसाहेबाला फेटा, शाल, श्रीफळ. भाषण तर इतकं लांबलं की मैदानाला मारलेलं पाणी वाळलं. दादाचाही सत्कार झाला. मी आमच्या राखीव गड्यांत पोत्यावर बसलो होतो. शाळेच्या गच्चीवर बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यात माय होती. तिनं आयुष्यात पहिल्यांदा कबड्डीचा सामना बघायला यायचं ठरवलं होतं आणि नेमका मी पोत्यावर. आप्पांनी दुकान बंद करून यायचं ठरवलं, तेही त्याच दिवशी.

पहिल्या डावाचं काय सांगू. दादानं सुरुवातीला दोघांना टिपलं, मग गेवराईच्या कोपऱ्यानं त्याचा घोटा धरला आणि दादा बाहेर येऊन माझ्या पलीकडं मातीत बसला. आता गेवराईचा उंच चढाईवाला आमच्या अंगणात आला, डावीकडं वळला. उस्माननं रावसाहेबाचं बोट दाबलं. मी बाहेरून बघतोय. रावसाहेबानं उस्मानकडं वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय बे, हात कावून दाबतूस?" तोवर उस्माननं झेप घेतली होती. रावसाहेब घड्याळ सांभाळत बाजूला सरला. त्याला आपले पाय पुढच्या चढाईसाठी जपायचे होते. तो उंच गडी उस्मानला शंभर किलोच्या पोत्यासारखा ओढत रेषेपार घेऊन गेला. मग रावसाहेब चढाईला गेला आणि धरला गेला. आता दादा आणि रावसाहेब, गावाचे दोन वाघ, शेजारी शेजारी मातीत बसले होते आणि त्यांना आत आणायला कुणी नव्हतं. थोड्याच वेळात आमच्यावर लोण चढला, म्हणजे सगळा संघच बाद. सगळे पुन्हा आत गेले आणि पुन्हा तेच झालं. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. दादा मात्र डाव्या कोपऱ्याकडं बघत होता. इतका वेळ बाहेर बसायची त्याच्यावर कधी पाळी आली नव्हती, आणि बाहेरून खेळ बघायचीही.

मध्यंतरात उस्मान पाटलांसमोर गेला. त्याचे दोन्ही गुडघे सोलले होते. "पाटील, मन्मथला आत घ्या," तो म्हणाला, "न्हाईतर मी बी बसतो. हात कुणाच्या हातात देऊ? ह्यो पाहुणा इचारतो हात कावून दाबतूस!" पाटलांनाही चूक कळली होती, मी एवढं त्यांच्या पदरात टाकतो. पण ते कळवळून म्हणाले, "आरं, पाहुण्याला बसवायचं कसं? आत्ता फेटा बांधलाय त्याला! कड्यात तोंड दाखवू का न्हाई मी?" गाव हरलं तर चालेल, पाहुण्याचा अपमान नको. तेवढ्यात दादा उठला, अंगावरची माती झटकली आणि रावसाहेबासमोर जाऊन हात जोडून म्हणाला, "पाहुणे, एक इनंती हाय. दुसऱ्या डावाला तुमी स्टेजवर पाटलांच्या शेजारी बसावं. तुमच्यासारख्या मोठ्या खेळाडूच्या उपस्थितीत सामना झाला तर नांदूरघाटला लई अभिमान वाटंल." रावसाहेबाच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मला अजून आठवतं. तो फेटा नीट करत स्टेजवर गेला. माइकवरून प्रमुख पाहुणे म्हणून त्याचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. मी पोत्यावरून उठून मैदानात गेलो. माझ्यासाठी एकानंही टाळी वाजवली नाही.

उस्माननं हात पुढं केला. मी धरला. त्याच्या तळव्याला माती आणि थोडं रक्त होतं. गेवराईचा तो उंच गडी पुन्हा डावीकडं आला, त्याला वाटलं रस्ता मोकळा आहे. बोट दाबलं. मी गेलो. तो आडवा झाला. दादा तेव्हा बाहेरच बसलेला होता, पंचानं हात केला आणि तो धावत आत आला. मग तो गेला, टिपून आला, पुन्हा गेला, धरला गेला, पुन्हा बाहेर. पुन्हा बोट दाबलं, पुन्हा पकड, दादा पुन्हा आत. असं किती वेळा झालं मी मोजलं नाही, माझ्या छातीनं मोजलं. नंतर आठवडाभर मला डाव्या कुशीवर झोपता आलं नाही. शेवटी शेवटी आम्ही फक्त एका गुणानं मागे राहिलो. दादा बाहेर होता. त्यांची शेवटची चढाई, आमची शेवटची पकड. मी खाली, माझ्यावर तो गडी, त्याच्यावर आमचे उरलेले सगळे. ढिगाखालून मला फक्त दादाचे पाय आत येताना दिसले. तो सरळ पुढं गेला, एकाला शिवून आला आणि ती उडी मारली. सामना आमचा झाला. लोक मैदानात घुसले, दादाला खांद्यावर घेतलं, आणि मी अजून उठतच होतो तेवढ्यात दोघातिघांनी माझ्या हातावर पाय देऊन पलीकडं उडी मारली. त्यातला एक आमच्या दुकानाचा उधारीवाला होता. त्याचं नाव मी आजही विसरलेलो नाही.

सत्कार झाला. दादाला फेटा, प्रमुख पाहुण्याला दुसरा फेटा. पाटील मला म्हणाले, "मन्मथ, तेवढ्या सतरंज्या गोळा करशील का, बाळा?" आम्ही घरी आलो. मायनं येसराची आमटी केली होती, पण त्या दिवशी मी भुरका मारला नाही. माय म्हणाली, "तू सारखा त्या उस्मानचा हात धरून कावून उभा व्हतास रं? भ्या वाटत व्हतं का?" मी भाकरी चुरत राहिलो. मग आप्पा बोलले. आप्पांनी सामना नीट बघितला होता आणि दुकानदाराच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नव्हती. ते म्हणाले, "एक मात्र हाय. मन्मथ आत आला आन् काशी भराभर जिवंत व्हायला लागला." मी वर बघितलं. वर्षानुवर्षं ज्या वाक्याची वाट बघत होतो ते आता येणार, असं मला वाटलं. आप्पा पाणी प्याले आणि म्हणाले, "पोराचा पायगुण चांगला हाय." पायगुण! छाती सोलून निघाली होती, हात सुजला होता, आणि माझा पायगुण चांगला. मी ताटावरून उठणार तोच दादानं सायीची वाटी माझ्यासमोर सरकवली. मी एक घास घेतला. मला साय आवडत नाही, हे मला त्या संध्याकाळी कळलं. इतकी वर्षं जिच्यासाठी जीव टाकला ती गिळगिळीत वस्तू मी कशीबशी गिळली आणि वाटी परत दिली. दादानं ती मिटक्या मारत संपवली. असा हा माणूस.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानावर गेलो तर दादा आधीच आला होता आणि माझ्या जागेवर उभा होता. उस्मान कोपऱ्यात हसत होता. दादा म्हणाला, "मन्म्या, मला शिकीव. काल बाहेर बसून बघितलं. मला वाटायचं मी जिवंत हुतो म्हंजी माझी पाळी आली. तुमी दोघं काय करता ते मी कधी बघितलंच नव्हतं." मी त्याला शिकवायला लागलो, आणि देवा, काय ती दशा! बोट दाबलं की हा आधी विचार करायचा. हात मधेच सोडायचा. उस्मानच्या आधीच पुढं पळायचा. मी सकाळभर ओरडत होतो, "हात सोडू नगंस! पुढं पळू नगंस! उभा ऱ्हा, नुसता उभा ऱ्हा!" नांदूरघाटचा वाघ त्या जागेवर अर्धा तासही टिकला नाही, घामाघूम होऊन खाली बसला. मला फार बरं वाटलं, ते का लपवू?

आप्पा गेले, माय गेली, उस्मानही गेला. दुकान मुलगा बघतो. दादा अजून आहे, आमच्याकडंच. मागच्या वर्षी त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. जीभ जड झाली, हात हळूहळू सावरला, पण डावा पाय ओढत टाकावा लागतो. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आहे, तर मी त्याला अंगणात चालवतो. डाव्या बाजूला मी, माझ्या हातात त्याचा हात. पाऊल उचलायच्या आधी तो माझं बोट दाबतो. हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्या सकाळी शिकलेलं एवढंच त्याच्यात राहिलं असावं. बाकी सवयी त्याच. अजून मधेच हात सोडतो, अजून एकट्यानं पुढं जायला बघतो, आणि मी अजून ओरडतो.

परवा तालुक्याच्या कबड्डी मंडळाची पोरं आली. जुन्या खेळाडूंचा सत्कार करतायत म्हणे. दादासाठी फेटा, शाल, श्रीफळ. मला एकानं "नमस्कार बाबा" म्हटलं, तेवढंच. फोटोसाठी दादाला उभं राहायचं होतं. मी डावीकडून धरून त्याला उठवला आणि तसाच शेजारी राहिलो. फेटा बांधून झाला. फोटो काढणारा पोरगा मोबाइल वर धरून, खाली घेऊन, पुन्हा वर धरून बघायला लागला. मग मला अगदी आदरानं म्हणाला, "आबा, तुमी बसा की खुर्चीवर. कावून नुसते उभे?"

मी तोंड उघडणार होतो. सगळं एकदाचं ऐकवणार होतो त्याला, पहिल्यापासून. पण दादानं माझं बोट दाबलं आणि त्या पोरावर, जड जिभेनं, असा काही खेकसला की पोराच्या हातातला मोबाइल खाली आला.

"आरं, तो बसला तर मी पडंन की!"